सोनं सोडणारा चोर

१

थॉर्नवेल गावच्या हॉलच्या बोळातली काचपेटी नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता उघडली गेली. उघडणाऱ्या इव्हॉन स्माय या गावच्या डिटेक्टर क्लबच्या, म्हणजे यंत्राने जमिनीखालचा धातू शोधणाऱ्या हौशी मंडळाच्या, चिटणीस. पुढच्या आठवड्यात शाळेची मुलं पेटी बघायला येणार होती आणि काच आतून पुसायची राहिली होती.

पेटीत हिरव्या मखमलीवर बारा खळगे. प्रत्येक खळग्यात एक नाणं, खाली ते कुणाला आणि कुठल्या शेतात मिळालं याची चिठ्ठी. तीस वर्षांची कमाई. वरच्या ओळीत चांदीची पाच मोठी, जाड नाणी. खालच्या ओळीत सात लहान: पापुद्र्यासारख्या सहा चांदीच्या पेनी, आणि नखाएवढं एक सोन्याचं नाणं.

"अगं, काच पुसतेस की तोंड बघतेस?" पलीकडून क्लाइव्ह पेटिट ओरडले. क्लाइव्ह क्लबचे अध्यक्ष, गावात नळांच्या सामानाचं दुकान.

"क्लाइव्ह, इकडे ये. आणि हसू नकोस."

क्लाइव्ह आले आणि त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. वरच्या पाच खळग्यांत दहा पेन्सची पाच नाणी होती. आजची, चालू, गाडी उभी करायच्या यंत्रात टाकतात तसली. बोळातल्या अंधुक दिव्यात काचेबाहेरून तीही चांदीसारखीच चमकत होती.

"सोनं?"

"सोनं जागेवर आहे. पेनीही आहेत."

क्लाइव्हनी सोन्याचं नाणं चिमटीत धरून दिव्याखाली नेलं, पुन्हा ठेवलं. "ही एवढीशी टिकली वरच्या पाचही जणांना विकत घेईल. ती सोडून गेला? हा चोर नाही, गाढव आहे. मोठं ते महाग, असं वाटणारा माणूस. म्हणजे अगदी नवखा."

पेटीची किल्ली हॉलच्या स्वयंपाकघरात, किटलीच्या वरच्या खिळ्याला टांगलेली असे. ते सगळ्यांना माहीत होतं. सभेला आलेले चौदा जण आता बोळात जमले होते. त्यांत दुधाचं भांडं हातात घेतलेले डेस्मंड गॅरडही होते, क्लबमधले सर्वांत जुने. स्वयंपाकघरातून कपबशा धुतल्याचा आवाज येत होता.

क्लबमध्ये त्या वर्षी एकच नवखी आली होती, आणि कपबशा तीच धूत होती.

इव्हॉन हळूच म्हणाल्या, "म्युरिएलला यंदा चांदीची नाणी मिळाली आहेत. संग्रहालयाच्या यादीत वाचलं मी."

"किती?"

"पाच."

२

ब्रिजेट ऑल्डस जिल्हा संग्रहालयात काम करत. लोकांना शेतात जे सापडतं ते बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा आणि जिल्ह्याच्या नकाशावर सापडल्या जागी एक टिंब द्यायचं, हे त्यांचं काम. वस्तू महिनाभर त्यांच्याकडे राहते आणि परत जाते. टिंब मात्र कायमचं राहतं.

क्लाइव्ह गुरुवारी सकाळी क्लबचा जुना अल्बम काखेत घेऊन आले. ब्रिजेटनी म्युरिएल कॅचपोल यांच्या नावाचा खोका काढला.

"हा १६९६ सालचा क्राउन. डेस्मंडला मिळाला होता, वीस वर्षं झाली," क्लाइव्हनी एका मोठ्या चांदीच्या नाण्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "काठावर खाच दिसते? काढताना त्याचंच फावडं लागलं होतं. तीन दिवस जेवला नव्हता."

ब्रिजेटनी भिंगाखाली नाणं धरलं. त्याच जागी तीच खाच होती. उरलेल्या चार नाण्यांवरही फोटोतले ओरखडे जसेच्या तसे सापडले.

याच पाच नाण्यांसाठी ब्रिजेटनी मंगळवारीच शेतमालकाला पत्र घातलं होतं: एकाच पट्ट्यात इतकी चांदी मिळते, तिथे जुन्या जत्रेचं मैदान असावं, तूर्त खोल नांगरू नये. जत्रा वगैरे काही नव्हती. नकाशावर पाच खोटी टिंबं होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने दिली होती.

"येत्या बुधवारी सभा आहे. क्लबमधून मिस कॅचपोलचं नाव काढायचं," क्लाइव्ह म्हणाले.

"परवापर्यंत म्युरिएल होती ना?"

"परवापर्यंत चोर नव्हती. तुम्ही फक्त लिहून द्या, की ही नाणी आमचीच. पोलिसांत मी जात नाही. एकटी बाई आहे."

"क्लाइव्ह, ती नाणी तिला स्वतःची म्हणून दाखवायचीच होती, तर सोनं का नाही घेतलं?"

"कारण तिला अक्कल नाही. नऊ रविवार झालेत तिला येऊन!"

ब्रिजेटनी खोक्याच्या कोपऱ्यातली सहावी पिशवी उचलली. आत मेंढीच्या गळ्यात बांधतात तशी काशाची गोल घंटा होती, अक्रोडाएवढी, मातीने भरलेली.

"आणि ही कुठल्या पेटीतून चोरली?"

क्लाइव्हनी अल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळला. घंटा त्यात कुठेच नव्हती.

३

म्युरिएल कॅचपोलचं वय त्रेसष्ट. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज दोनशे मुलांचं जेवण केलं. नंतरची आठ वर्षं आईचं. आई फेब्रुवारीत गेली. बैठ्या घरांच्या रांगेतलं शेवटचं घर त्यांचं.

शुक्रवारी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर बाहेरचा कोट होता.

"कुठे निघालात?" ब्रिजेटनी विचारलं.

"नाही. तुम्ही मला घेऊन जायला आलात असं वाटलं."

चहा झाला. बिस्किटांची थाळी नको तितकी भरलेली होती. यंत्र दाराशी भिंतीला टेकून उभं होतं, चकती धुऊन पुसलेली.

"तुम्ही घेतलीत का ती नाणी?"

"नाही."

"मग शेतात कशी आली?"

"मला काय ठाऊक! मी तर जमिनीतून काढली. गुडघे बघा माझे." त्यांनी वही पुढे केली. शाळेत सामानाच्या नोंदी ठेवाव्यात तशी ती ठेवलेली होती: तारीख, जागा, किती खोल, काय.

ब्रिजेट वाचत गेल्या. सप्टेंबरचे पहिले तीन रविवार: शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या, काडतुसांची बुडं, एक झाकण. तिसऱ्या रविवारखाली लिहिलं होतं, "आता पुरे. यंत्र परत विकावं." चौथ्या रविवारी क्राउन, चार बोटं खोल. त्यानंतर दर रविवारी एक मोठं नाणं, तेवढंच खोल. फक्त सातव्या रविवारी नाणं नव्हतं. घंटा होती, दीड वीत खोल.

"सातव्या रविवारी वेगळं काय झालं?"

"पाऊस होता. डेस्मंडना छातीत कफ झालेला, ते आलेच नाहीत. माझ्या काठ्या रोवायला कुणी नव्हतं, मग मी भटकले जरा. ओकच्या झाडापाशी गेले."

"कसल्या काठ्या?"

"बांबूच्या. डेस्मंड सगळ्यांच्या आधी येतात, फाटक तेच उघडतात. माझ्यासाठी दोन काठ्या रोवून ठेवतात, या काठीपासून त्या काठीपर्यंत चालायचं. नवख्याने शेतभर हिंडलं की काही मिळत नाही, म्हणतात. चकती जमिनीला लागून, सावकाश, झाडू मारल्यासारखी. मी आधी रंग मारल्यासारखी हलवायचे." त्या पहिल्यांदाच हसल्या. "फार हसले होते ते."

"बाकीच्यांना नाणी का नाही दाखवलीत? मला दाखवायच्या आधी?"

"डेस्मंड म्हणाले, आपली जागा कुणाला सांगायची नसते. सांगितली की सगळे तिथे येऊन खणतात. सरळ संग्रहालयात द्या. सगळेच तसं करतात ना?"

करत होते. क्लबमधला कुणीही बायकोलासुद्धा आपली जागा सांगत नसे.

ब्रिजेट निघताना यंत्राशी वाकल्या. मुठीजवळच्या दोन बटणांपैकी एकावर निळी चिकटपट्टी गच्च चिकटवलेली होती.

"हे काय?"

"ते फिरवायचं नाही. पहिल्याच दिवशी डेस्मंडनी लावून दिलं. लोखंड आणि चॉकलेटचा चंदेरी कागद वाजू नये म्हणून. नाहीतर नवखा माणूस वेडा होतो, म्हणाले." म्युरिएल दारात उभ्या राहिल्या. "मॅडम, या रविवारी येऊ नको असा क्लाइव्हचा फोन आला होता. पुढच्या रविवारचं काही ठरलंय का? तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारते. मला बाकी काही नको. नाणी ठेवा तुम्ही. सोमवार ते शनिवार मी जातेच कुठे? रविवारी तिथे कुणीतरी मला नावाने हाक मारतं."

गाडीत बसल्यावर ब्रिजेटना त्या चिकटपट्टीखाली काय दडलंय ते लक्षात आलं, आणि त्यांनी गाडी चालू न करता पाच मिनिटं तशीच ठेवली.

४

रविवारी शेतात थंडी होती. कापणीनंतरची धसकटं गुडघ्याच्या खाली, माती ओली. डोक्यावर हेडफोन चढवलेली माणसं एकमेकांपासून दगड फेकावा इतक्या अंतरावर, खाली बघत चालत होती. या छंदात असंच असतं. वीस माणसं एका शेतात येतात आणि चार तास एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांचं बोलणं जेवणाच्या सुट्टीत होतं.

डेस्मंड गॅरड आपल्या गाडीच्या मागच्या उघड्या दारात बसले होते. वय चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त. शेजारी घडीची दुसरी खुर्ची उघडून ठेवलेली होती. रिकामी.

"बसा, बसा. चहा घ्या. साखर किती? दोन? मी तीन घालतो, डॉक्टरला सांगू नका."

त्यांनी ब्रिजेटना पाऊण तास सोडलं नाही. कुठल्या वर्षी कुठल्या शेतात काय मिळालं, ओलसर मातीत आवाज कसा लांबतो, पोलादी टाचेचे बूट घालून आलेला एक वकील स्वतःच्याच पायाखाली कसा खणत राहिला. हसवलंही.

"तुम्ही नवख्यांना शिकवता म्हणे."

"एकोणीस जणांना यंत्र लावून दिलं आजवर. म्युरिएल विसावी."

"ते एकोणीस कुठे आहेत?"

डेस्मंडनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "टीव्हीवर कुणीतरी हंडा काढतं, ते बघून येतात. तीन रविवार कड्या नि काडतुसं काढली की चौथ्याला येत नाहीत. मी खुर्ची मांडून बसतो आणि ते येत नाहीत."

"म्युरिएल चौथ्याला आल्या."

"आल्या."

"त्यांनी घेतली असतील का नाणी?"

"छे! ती बाई? उरलेलं दूधसुद्धा विचारून घरी नेते."

"मग कुणी?"

ते शेताकडे बघत राहिले. "क्लाइव्हला सांगा, घाई करू नको म्हणावं. थोड्या दिवसांत थंड होईल सगळं. नाणी मिळालीच आहेत ना?"

"आणि म्युरिएल? त्यांना बुधवारी काढणार आहेत."

डेस्मंडनी चहाचा तळ मातीत ओतला.

परत जाताना ब्रिजेटनी इव्हॉनना गाठलं. "बुधवारच्या सभेला पेटीतली उरलेली सात नाणी टेबलावर ठेवाल? आणि म्युरिएलना बोलवा."

"त्यांना? कशाला?"

"त्यांच्या यंत्रासकट."

५

बुधवारी हॉलमागच्या हिरवळीवर, बाहेरच्या दिव्याखाली, ब्रिजेटनी बारा नाणी ओळीने मांडली. पाच मोठी, सात लहान, हातभर अंतरावर एकेक. चौदा माणसं कॉलर वर करून उभी राहिली. म्युरिएल जरा बाजूला, यंत्र छातीशी धरून.

"क्लाइव्ह, आधी तुमचं यंत्र."

क्लाइव्ह ओळीवरून चालत गेले. यंत्र बारा वेळा वाजलं. मोठ्या नाण्यांवर खणखणीत, पेनींवर बारीक, सोन्यावर दबकं.

"यात काय मोठंसं?" ते म्हणाले. "नाणी आहेत, वाजणारच."

"म्युरिएल, आता तुम्ही. चिकटपट्टीला हात न लावता."

म्युरिएल चालल्या. चकती जमिनीला लागून, सावकाश. पाच मोठ्या नाण्यांवर यंत्र पाच वेळा वाजलं. पुढे पेनी आल्या. काही आवाज नाही. दुसरी, तिसरी, सहावी. सोन्याच्या नाण्यावरून त्यांनी चकती तीनदा फिरवली. यंत्र मुकं राहिलं.

"बिघडलंय वाटतं," म्युरिएल घाबरून म्हणाल्या.

"बिघडलेलं नाही. ते बटण इतकं वर लावलंय की लोखंडाबरोबर आणि चांदीच्या कागदाबरोबर सगळं पातळ, लहान तेही ते गाळून टाकतं. तुमच्या नऊ रविवारांत पायाखालून काय काय गेलं असेल देव जाणे." ब्रिजेट सगळ्यांकडे वळल्या. "क्लाइव्ह म्हणाले, चोर गाढव आहे, त्याने सोनं सोडलं. मला वाटतं चोराला सोन्याची किंमत चांगली माहीत होती. पण त्याला महागडं नाणं नकोच होतं. या यंत्रावर वाजणारं हवं होतं. पेटीत तसली पाचच होती, पाचही त्याने घेतली."

"मग तेच म्हणतोय मी!" क्लाइव्ह उसळले. "यंत्र कुणाचं? तिचं!"

"क्लाइव्ह, समजा ही नाणी तुम्ही चोरलीत आणि शेतात मिळाली असं सांगायचंय. तुम्ही ती आधी पुराल?"

"मी कशाला पुरीन? खिशातून काढीन आणि म्हणेन, सापडली."

"म्हणजे ती यंत्रावर वाजतात की नाही याच्याशी तुम्हाला काही कर्तव्य नाही. मग सोनं का सोडाल?"

क्लाइव्हनी आपलं यंत्र गवतावर टेकवलं.

"यंत्र खरंच वाजायला हवं अशी गरज एकाच माणसाला असते. जो नाणं पुरतो, आणि ते दुसऱ्या कुणाला तरी सापडावं म्हणून वाट बघतो. पाचही नाणी चार बोटं खोल होती. नांगरलेल्या शेतात पाच वस्तू पाच खोलींवर मिळतात. एका मापाने माणूसच पुरतो. आणि या यंत्राला काय ऐकू येतं हे म्युरिएलना माहीत नव्हतं. आत्ता बघितलंत तुम्ही. ते माहीत होतं पट्टी लावणाऱ्याला."

कुणी डेस्मंडकडे बघितलं नाही. तेच पुढे आले.

"फाटक उघडल्यावर," ते म्हणाले. "बाकीचे यायच्या आधी. सुरीने माती फाकवायची, नाणं सरकवायचं, बूट दाबायचा. पाच मिनिटांचं काम."

"ज्या रविवारी तुम्ही आजारी होता," ब्रिजेट म्हणाल्या, "त्या रविवारी नाणं मिळालं नाही. घंटा मिळाली, काठ्यांच्या बाहेर. तिथूनच मला शंका आली."

"अरे पण का?" क्लाइव्हचा आवाज चिरकला. "तो क्राउन तुझा स्वतःचा होता, डेस्मंड! तुझ्या नावाची चिठ्ठी आहे त्याच्याखाली!"

"म्हणूनच पहिला तो घेतला. तो माझा होता असं अजून वाटतं कधीकधी." डेस्मंडनी टोपी काढून हातात धरली. "ती म्हणाली, यंत्र विकते. पुढच्या रविवारी येत नाही. विसावी होती ती, क्लाइव्ह. म्हटलं, एक मिळालं तर राहील. राहिली. मग दुसरा रविवार आला. नंतर थांबता येईना. रिकाम्या हाताने जाताना तिचा चेहरा कसा होतो ते तू बघितलेलं नाहीस. शेवटचं नाणं संपलं तेव्हा मला झोप नव्हती."

कुणीतरी खोकलं. इव्हॉननी शाल ओढून घेतली. चौदा जणांतले काही जण आता डेस्मंडकडे मऊ नजरेने बघत होते, एकाने त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला.

तेव्हा म्युरिएल बोलल्या.

"गेल्या बुधवारी मी कप धूत होते. मला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही कुठे होता, डेस्मंड?"

"तिथेच होतो. बोळात."

"दुधाचं भांडं घेऊन. मग तुम्ही ते आत आणून दिलंत. माझ्या हातात. आणि म्हणालात, थंडी पडली आज."

डेस्मंडनी मान खाली घातली.

"सात दिवस झाले. माझं घर तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे."

"रविवारी सांगणार होतो. मग वाटलं, सांगितलं तर तुम्ही..."

"तर मी येणार नाही," म्युरिएलनी वाक्य पुरं केलं.

६

ठराव क्लाइव्हनी मांडला, पण त्यांचा आवाज उतरला होता. डेस्मंड गॅरड यांचं सभासदत्व रद्द. पोलिसांत जायचं नाही. मिस कॅचपोल यांची, म्हणजे म्युरिएलची, क्लबने माफी मागावी.

"हात वर करा."

हात वर व्हायला वेळ लागला. तीस वर्षं ज्याने सगळ्यांना फाटक उघडून दिलं त्याच्याविरुद्ध पहिला हात कुणाला करायचा नव्हता. इव्हॉन जमिनीकडे बघत होत्या.

पहिला हात म्युरिएलचा होता. सरळ, कोपर न वाकवता, शाळेतल्यासारखा. तो वर गेल्यावर बाकीचे गेले.

डेस्मंडनी टोपी घातली. जाताना ते ब्रिजेटजवळ थांबले आणि म्हणाले, "घंटा खरी आहे. मी कधी पुरली नाही. तिला सांगा."

"सांगितलंय."

"काय म्हणाली?"

"विचारलं, मेंढी कुणाची असेल."

दुसऱ्या दिवशी म्युरिएल संग्रहालयात आल्या. पाच कागदांवर सह्या करायच्या होत्या, सापडल्याची जागा खरी नव्हती असं लिहिलेल्या. सही करताना त्या प्रत्येक कागद वाचत होत्या. ब्रिजेटनी त्यांच्यासमोरच नकाशावरची पाच टिंबं पुसली. शेतमालकाला नवीन पत्र गेलं, खुशाल नांगरा म्हणून. त्या अख्ख्या शेतात एक टिंब उरलं, ओकच्या झाडापाशी.

"बटण कसं लावायचं ते दाखवता?" म्युरिएलनी विचारलं.

ब्रिजेटनी पट्टी सोलून काढली, बटण पार खाली आणलं. "आता सगळंच वाजेल. खिळा, कागद, सगळं. डोकं उठेल."

"उठू दे."

रविवारी त्या गेल्या. हे ब्रिजेटना इव्हॉनच्या फोनवरून कळलं. सगळे फार चांगले वागले. क्लाइव्हनी स्वतः खुर्ची आणून दिली, केक आणला होता. सगळे एकदम बोलत होते आणि म्युरिएल हो, हो म्हणत होत्या. जेवण झाल्यावर त्या पुन्हा शेतात गेल्या आणि अंधार पडेपर्यंत एकट्या खणत राहिल्या. डेस्मंडच्या गाडीच्या जागी कुणी गाडी लावली नव्हती.

मंगळवारी टपालाने संग्रहालयात एक जड पाकीट आलं. आत अकरा लहान पिशव्या. दोन घोड्याच्या नालाचे खिळे, कौलाचा एक खिळा, तारेचा तुकडा, चॉकलेटची चांदी, काडतुसाची तीन बुडं, एक बिजागरी, एक कडी, ओळखू न येणारा गंजाचा गोळा. प्रत्येक पिशवीवर क्रमांक, तारीख, किती खोल, आणि पावलं मोजून लिहिलेली जागा. सोबत चिठ्ठी: "नकाशावर घालता येण्याजोगं यात काही नसावं. तरी पाठवते. खोली नीट मोजली आहे."

असं पाकीट आजवर कुणी पाठवलं नव्हतं. कार्यालयाचा नियम साफ होता: तीनशे वर्षांच्या अलीकडचं लोखंड नोंदवायचं नाही, पाठवणाऱ्याला तसं नम्रपणे कळवायचं. ते वाक्य ब्रिजेटना पाठ होतं. आठवड्याला दोनदा तरी त्या ते कुणालातरी म्हणत.

बाहेर चार वाजताच दिवे लागले होते. शेजारच्या टेबलावर कुणी नव्हतं. तिथली जागा सरकारने दोन वर्षांपूर्वीच रद्द केली होती. ब्रिजेटनी नंबर फिरवला, वाक्य जुळवून तयार ठेवलं आणि घंटी वाजू लागायची वाट बघू लागल्या.

पहिली घंटी पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"हॅलो? कोण? मी म्युरिएल बोलतेय."

ब्रिजेटनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि एक पिशवी दिव्याखाली धरली.

"म्युरिएल, सात नंबरचा खिळा," त्या म्हणाल्या. "कुंपणाकडून मोजलीत पावलं, की फाटकाकडून?"